फोटोतला पाय माझा आहे

माझ्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं आहे, जन्मापासून. चपलांच्या दुकानदारांखेरीज त्याची दखल कधी कुणी घेतली नाही. म्हातारपणी ते बोट जेवणाच्या टेबलावर ठेवून घरच्यांना दाखवावं लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

मी निवृत्त उपसंपादक. निवृत्तीनंतरही मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा सायंदैनिकाचं आरोग्याचं पान मी लावत असे. आमच्या एका बाजूला खोक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा. आठवड्यातून एकदा मुलुंडहून बसने जायचं, पान लावायचं आणि शर्टाला बिस्किटांचा वास घेऊन परत यायचं. घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं, असं मत होतं. माझं नव्हे, बायकोचं.

एका आठवड्यात एका नव्या वार्ताहर मुलीने बातमी आणली. अंधेरीतल्या एका दवाखान्यात दर शनिवारी एक डॉक्टर बाई वेगळ्या मुलांसाठी बसतात. जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलंय पण आपण मुलगा आहोत हे ज्याला आतून ठाऊक आहे, किंवा याच्या उलट, अशी ही मुलं. तिथे पालकांची सभा झाली होती. मुलीने सगळं नीट ऐकून, नीट लिहिलं होतं. फक्त शाळेतल्या निबंधासारखं लिहिलं होतं, सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात शेवटी. शेवटच्या परिच्छेदात डॉक्टर बाई म्हणत होत्या, “इथे कुठल्याही मुलावर शस्त्रक्रिया होत नाही. आम्ही बोलतो, ऐकतो, तपासतो. औषधाचा विचारसुद्धा आईवडिलांना सोबत घेऊन, सावकाश करतो.”

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. बातमी लांबली की शेपटाकडून कापायची. वाचायचीसुद्धा गरज नाही, कारण जुना वार्ताहर महत्त्वाचं सगळं वरच घालतो. त्या दिवशी पान लागत आलं असताना मूळव्याधीच्या चूर्णाची जाहिरात आली. मी कात्री चालवली. शेवटचा परिच्छेद गेला, तिथे मूळव्याध आली.

मग फोटो. सभेचा फोटो होता, पण त्यात नुसत्या पाठी दिसत होत्या. आमच्या संगणकात ‘ऑपरेशन’ नावाचा एकच फोटो होता. हिरव्या कपड्यातले चार डॉक्टर, वर मोठा दिवा, आणि चादरीखालून बाहेर आलेला एक पाय. डेंग्यू असो, डोळ्यांचं शिबिर असो, आम्ही तोच लावायचो. मी तोच लावला. वर मथळा दिला, ‘कोवळ्या मुलांवर चाकू?’ प्रश्नचिन्ह टाकलं की आमच्यावरची जबाबदारी संपते, अशी आमची समजूत. मग मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

आमच्या घरात तेव्हा मी, बायको, मुलगा, सून आणि मुलाचं एकुलतं एक अपत्य. त्याला आम्ही सगळे नात म्हणायचो. वर्षभरापूर्वी त्यानेच जेवताना शांतपणे सांगितलं होतं, “मी मुलगी नाहीये.” सुनेने त्याचा हात धरला, मुलाने पंखा वाढवला, बायकोने आणखी एक पोळी वाढली. मी पेपर वाचत राहिलो. पुढे सून त्याला दर शनिवारी दाताच्या डॉक्टरकडे नेऊ लागली. एका तोंडात इतके दात कुठून आले, असा विचार माझ्या मनात आला होता; विचारलं मात्र नाही.

पान छापून आलं त्या संध्याकाळी मुलगा घाटकोपरच्या ऑफिसातून आला आणि पेपर टेबलावर आपटला.

“आता शनिवारी कुणी अंधेरीला जायचं नाही.”

सून म्हणाली, “अरे, काय झालं?”

“वाच! हाच तो दवाखाना ना? पोरांना कापतात तिथे.”

“कोण म्हणतं?”

“बाबा म्हणतात. त्यांच्या पानावर आलंय. दुसऱ्या कुठल्या पेपरात असतं ना, तर मी ढुंकून बघितलं नसतं.”

दातांचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

“मी त्या सभेला होते,” सून म्हणाली. “डॉक्टर स्वतः म्हणाल्या, ऑपरेशन होत नाही.”

“मग बातमीत का नाही ते? बाबांनी मला लहानपणापासून शिकवलंय, नुसता मथळा वाचू नको, शेवटपर्यंत वाच. मी शेवटपर्यंत वाचलं. शेवटी मूळव्याध आहे.”

नातू म्हणाला, “पप्पा, आम्ही तिथे नुसतं बोलतो. मागच्या वेळी त्यांनी मला रात्री लवकर झोपायला सांगितलं. एवढंच झालं माझं ऑपरेशन.”

“आणि हा फोटो? बघ, केवढासा पाय आहे त्या पोराचा!”

मी फोटोकडे बघितलं आणि वरणात लिंबू पिळत राहिलो. वास्तविक तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्या मुलाने माझा शब्द प्रमाण मानला, त्याच्यासमोर तो शब्द मूळव्याधीने गिळला असं सांगायला माझी जीभ उचलेना.

शनिवारचं जाणं बंद झालं. डॉक्टरांकडे जायला लागल्यापासून नातू न्हाणीघरात मोठमोठ्याने गायचा, भयंकर बेसूर. ते गाणं थांबलं. कांजूरमार्गच्या कचऱ्याचा वास येतो म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो, पण त्याने खोलीचं दारही लावून घेतलं. बायको बाहेरून हाका मारायची, “अगो... अरे... बाबू, जेवूक ये!” आणि ताट झाकून ठेवायची.

मी मरोळला गेलो. संपादक माझ्या मुलाहून लहान.

“खुलासा छापायला हवा,” मी म्हणालो.

“काका, खुलासा दिला तर आपण चुकलो असं वाटेल ना.”

“चुकलोच आहोत.”

“हो, पण वाटायला नको.”

शेवटी छापला. हरवले-सापडलेच्या खाली, काडेपेटीएवढा. मी तो मुलापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

“हे दबावाखाली छापतात, बाबा. तुम्हीच सांगितलंय मला. खुलासा आला की समजायचं, बातमी खरी होती.”

हेही मीच शिकवलं होतं. मोठ्या ऐटीत, गच्चीवर उभं राहून.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सून हळूच म्हणाली, “उद्या नेऊ का रे त्याला?” मुलगा उठला, कपाटातून तो पेपर काढला आणि फोटोवर बोट ठेवलं. “हे बघूनसुद्धा विचारतेस?” नातू दारात उभा होता. आपल्या बापाकडे तो असा बघत होता, जसं बंद दुकानाकडे बघावं.

मी मोजा काढला. खुर्ची ओढली आणि डावा पाय उचलून टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला.

“बाबा! काय हे?”

“फोटो बघ. मग पाय बघ.”

मुलाने आधी सुनेकडे बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असावं. पण माझी बायको चष्मा पुसून पुढे वाकली होती.

“अगो बाय! ह्यो तर ह्यांचोच पाय! ह्या बोटाक मी लग्नापासून ओळखतंय.”

“हे माझं हर्नियाचं ऑपरेशन,” मी म्हणालो. “आमचा फोटोग्राफर मला भेटायला आला होता. डॉक्टरांना फोटोची हौस, त्यांनी त्याला आत घेतलं. तेव्हापासून हा पाय आम्ही सगळीकडे लावतो. डेंग्यूलासुद्धा.”

मग दारातून आवाज आला, “आजोबा, म्हणजे तो कोवळा मुलगा तू?”

आणि नातू हसायला लागला. दाराला धरून, खाली बसून हसला. सून हसली. बायकोने माझ्या पायावर चापट मारली, “काढा तो जेवणाच्या टेबलावरसून!”

मुलगा मात्र हसला नाही. “आणि डॉक्टरांचं ते वाक्य?”

“होतं. शेवटच्या परिच्छेदात. मी कापलं.”

“कशासाठी?”

मी पेपरातल्या चूर्णाच्या डबीकडे बोट दाखवलं. त्याने चष्मा लावून ती जाहिरात शेवटपर्यंत वाचली.

बायको म्हणाली, “खोटा छापलास तां छापलास, वर इतके दिवस गप रवलास? त्या पोराक उपाशी ठेवलास!”

मी पाय खाली घेऊन मोजा चढवला.

सकाळी मुलगा माझ्याशी न बोलता बूट घालत होता. नातू आणि सून तयार होते. जिन्यातून तो ओरडला, “बाबा, तुम्हीपण चला. तिथे तोंड दाखवा जरा.”

दवाखान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा वाट बघणाऱ्यांची गर्दी नाही म्हणून शरमलो. एरवी इथे उभं राहायला लागायचं, असं सून म्हणाली. आता खुर्च्या रिकाम्या. डॉक्टर बाईंनी मला पाणी दिलं. मी कोण, ते मुलाने सांगितलं. त्यांनी मला रागावायला हवं होतं; त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या.

“फोटो आमच्याकडचा नाही, हे मी फोन करकरून सांगितलं. लोक म्हणतात, पेपरात आहे.”

मुलगा नातवाला घेऊन आत गेला. पहिल्यांदाच तो आत गेला होता. मी बाहेर बसलो. तेवढ्यात एक बाई आल्या, जोगेश्वरीहून. सोबत लांब केसांचं, नखं कुरतडणारं पोर होतं. बाईंनी पर्समधून घडी घातलेलं माझं पान काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

“आम्ही आता येणार नाही, एवढं सांगायला आलोय. उगाच वाट बघू नका. हा फोटो बघितल्यावर कोण पोराला आणेल इथे?”

ते पोर जमिनीकडे बघत होतं.

ही हकिकत मी लिहून काढतोय ती एवढ्यासाठी की ते पान किती पर्समध्ये घडी घालून राहिलंय, मला ठाऊक नाही, आणि सगळ्यांच्या घरी जायला माझे गुडघे पुरणार नाहीत. त्या दिवशी समोर एकच बाई होती.

“ताई, एक मिनिट,” मी म्हणालो. “जरा बसा. आणि घाबरू नका.”

मग वाकून मी मोज्याला हात घातला.