फेलेतीच्या ट्रकाचा रोटर

गावात असं पसरलंय की फेलेतीनं आपला ट्रक स्वतःच बंद पाडला. यंदा त्याची कोनफळं आतून सडली, प्रदर्शनात हसं होऊ नये म्हणून हे सोंग. आमच्या गावातल्या निम्म्या अफवा माझ्याच दारातून निघतात हे खरं, पण ही माझी नव्हे. फेलेतीचं शेत माझ्या कुंपणाला लागून. ती कोनफळं मी पाहिलीत. माणसाएवढी लांब, एक डाग नाही. उकरताना मोडू नयेत म्हणून हा खड्ड्यात उतरून बोटांनी माती काढायचा. बायकोच्या केसांतून कधी इतका हळुवार हात फिरवला असेल तर शपथ.

राजधानीत, नुकुअलोफाला, शेतमालाचं प्रदर्शन भरतं, त्यात दरवर्षी त्याचा दुसरा नंबर. एकदा पहिला यायचं, एवढीच त्याची हौस.

प्रदर्शनाच्या सकाळी कोनफळं झावळ्यांत बांधून तयार, आणि ट्रक नुसता घरघरतोय, पेटत नाही. झालं, सगळे जमले. माझा नवरा, मोआला त्याचं नाव, म्हणाला बॅटरी गेली. पण हॉर्न तर कान फाडत होता. कुणी म्हणालं टाकी कोरडी. काठी घालून पाहिली, पेट्रोल होतं. मग ढकलायचं ठरलं. आमचं बेट परातीसारखं सपाट, उतार आणायचा कुठून? चर्चपर्यंत ढकलत नेला आणि तसाच परत आणला. पाद्रीबाबांनी वाटेत प्रार्थना केली, तीही लागू पडली नाही. प्लग काढून लोखंडाला टेकवला, तर ठिणगी नाही.

तेव्हा फेलेतीनं डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली. मी खांद्यावरून डोकावत होतेच. आत जो टीचभर रोटर फिरून प्लगांना ठिणगी वाटतो, त्याची जागा रिकामी. झिजला नव्हता, तुटला नव्हता. नव्हताच. फेलेतीनं टोपी परत बसवली, क्लिपा लावल्या, हात पुसले आणि सगळ्यांना सांगितलं की पेट्रोलमध्ये पाणी गेलंय.

तेवढ्यात त्याचा भाचा पेनिसिमानी ट्रक घेऊन आला. त्याचाही ट्रक त्याच कंपनीचा, तितकाच म्हातारा. आदल्या दिवशीपर्यंत नीरफणसाखाली मेल्यासारखा पडलेला, आज कसा खणखणीत चालला होता. पुढच्या सीटवर त्याची आई फुसी, म्हणजे फेलेतीची थोरली बहीण, समोर बघत पंखा हलवत होती.

"काय मामा, रुसली का तुझी म्हातारी? चढव सगळं माझ्यात," पेनिसिमानी म्हणाला. "आणि नाव माझंच लावतो, बरं का. दुसऱ्या नंबरानं तूही कंटाळला असशील."

आमच्या तोंगात भाच्याची पायरी मामाच्या वर. त्यानं मामाच्या घरातलं काहीही न विचारता उचलावं, मामानं हूं की चूं करू नये. त्यामुळे सगळे पुरुष एकदम आपापली पायताणं न्याहाळू लागले. फेलेतीनं कोनफळं स्वतः चढवली. धक्के बसू नयेत म्हणून घरातली चटई आणून खाली अंथरली. ती चटईसुद्धा परत आली नाही.

दुपारी रेडिओवर निकाल लागला. पहिला नंबर पेनिसिमानी. फेलेती तो निकाल आपल्या बंद ट्रकात बसून ऐकत होता. त्याचा रेडिओ तेवढा चालू होता. मला राहवतंय होय? खिडकीत कोपर टेकून मी म्हटलं, "अहो, रोटर तुमचा, कोनफळं तुमची, चटई तुमची. एवढं गिळलंत, निदान त्या पोराला एक शब्द तरी बोला."

त्यानं रेडिओ बंद केला.

"काय बोलू, वहिनी? हा ट्रक माझ्या मामाचा. तो जेवायला बसला होता, तेव्हा मीच अंगणातून चालवत आणला. मरेपर्यंत पायी फिरला बिचारा, आणि भेटला की विचारायचा, ट्रक बरा चालतोय ना. मी पोराला तेवढंही विचारणार नाही."