आठवी डबी

मापाडी हे त्याचं नाव नव्हतं. पण प्रयोगशाळेत त्याचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं. हा माणूस चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करून घ्यायचा आणि दार लावलं की फट किती उरली ते वाकून पाहायचा, म्हणून मापाडी. वय अठ्ठावन्न. हुद्दा तंत्रज्ञाचा, म्हणजे हुशार मंडळींनी बिघडवलेलं दुरुस्त करायचं आणि हरवलेलं शोधून द्यायचं.

त्याच्या ताब्यात किरणोत्सारी पदार्थांच्या सात डब्या होत्या. एकेक डबी अंगठ्याच्या पेराएवढी, पाठीवर नंबर कोरलेली. विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवायला त्या लागत. तीस वर्षं त्या एका लाकडी कपाटात, हातानं रचलेल्या शिशाच्या विटांआड पडून होत्या. वर्षाच्या सुरुवातीला तपासनीस आले, त्यांनी आत डोकावलं आणि विचारलं, "हे किरणांचं कपाट आहे की लोणच्याचं?" पाठोपाठ पत्र आलं. पक्की साठवण करा, नाहीतर डब्या जप्त. आणि डब्या गेल्या की त्या खोलीलाही कुलूप.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हे काम बाहेर देणार होत्या. मापाडी म्हणाला, "बाहेरचा माणूस पेटी बनवेल आणि जाईल. डब्यांचे स्वभाव मला ठाऊक आहेत." तेव्हा काम त्याच्याकडे आलं, आणि पुढचे आठ महिने त्याच्या बायकोनं जेवताना शिशाशिवाय दुसरा विषय ऐकला नाही.

स्वभाव ठाऊक होते हे मात्र खरं. एका डबीची किरणं शिशावर थेट आपटली की त्यातून नवीच किरणं उडत. म्हणून तिच्याभोवती त्यानं आधी प्लास्टिकची जाड गादी दिली आणि मग शिसं. शिसं मऊ, वर्षानुवर्षं आपल्याच वजनानं बसल्या जागी पसरत जातं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. म्हणून बाहेरून पोलादी सांगाडा. विटांचा सांधा सांध्यावर येऊ दिला नाही, कारण सरळ फटीतून किरणं बाणासारखी निघतात. सात डब्यांना सात खण. आणि पेटीची पाठ पोटापेक्षा जाड, कारण पाठीमागच्या भिंतीपलीकडे टायपिस्ट बाई बसत. सगळे त्यांना पलीकडच्या बाई म्हणत.

"माझ्या पाठीशी काय उभं करताय ते नीट करा," त्या बजावत. "माझी पाठ आधीच दुखते."

"बाई, तुमच्या खुर्चीपेक्षा माझी पेटी तुमच्या पाठीची जास्त काळजी घेईल."

शिशाची एक वीट अकरा किलोंची. अशा दोनशे विटा मापाड्यानं स्वतः रचल्या, आणि शेवटच्या आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली. डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत उतरली, पाच मिनिटांनी गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. कोणाला सांगायची सोय नव्हती. मॅडमना कळलं तर पेटी त्याच क्षणी दुसऱ्याच्या हाती. बायकोला कळलं तर मॅडमना कळायला अर्धा तास पुरे. त्यानं गुपचूप डॉक्टर गाठला. डॉक्टरनं मोठ्या इस्पितळात हृदयाच्या तपासणीला धाडलं. तपासणीचा दिवस मंगळवार, सकाळी आठ. पेटी तपासायला तपासनीस येणार बुधवारी अकराला.

मापाड्यानं प्रयोगशाळेत सांगितलं, दाढ दुखतेय, दुपारी येतो. घरी सांगितलं, शिशाचे पत्रे येणार आहेत, लवकर जातो. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, आणि बोलला ते एका दमात दोन.

इस्पितळात नर्स म्हणाली, "आधी शिरेत रंग सोडू, मग फोटो काढू."

"रंग कपड्यांना नाही ना लागणार?" घाबरलेल्या माणसाला असंच काहीतरी सुचतं.

नर्स हसली. "नाही हो काका. पाणी भरपूर प्या, आणि आज लहान मुलांना मांडीवर घेऊ नका."

घरात लहान मूल नव्हतं, तेव्हा ते वाक्य या कानातून त्या कानात गेलं. रिपोर्ट गुरुवारी.

दुपारी एकला मापाडी प्रयोगशाळेत पोचला. शेवटची मोजणी राहिली होती. पेटी बंद, सातही डब्या आत. त्यानं मीटर पेटीसमोर धरलं. रिकाम्या खोलीतही मीटर दोन दाखवतं, हवेतलं, भिंतीतलं थोडंफार असतंच. पाचपर्यंत चालतं. मीटरनं सहासष्ट दाखवले.

त्यानं मीटर झटकलं. सहासष्ट. बॅटरी बदलली. सहासष्ट. कपाटातलं जुनं मीटर काढलं, तेही तेच म्हणालं. आकडा त्यानं वहीत शाईनं लिहिला, वेळ टाकली, सही केली. सवयच तशी.

मग खण एकेक उघडून डब्या मोजल्या. सात. चुकून एखादी दोनदा मोजली असेल म्हणून पुन्हा मोजल्या, पुन्हा सात. पेटीवर शिशाचा आणखी एक पत्रा उभा केला. आकडा हलला नाही. दोन पत्रे लावले. आकडा ढिम्म. शिसं लावून किरणं अडत नाहीत म्हणजे पाऊस छत्रीतून सरळ खाली यावा तसं झालं. तो भिंतीपलीकडे गेला. तिथेही तितकंच.

"काय झालं?" पलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चेहरा का पडलाय? दाढ काढली का?"

"बाई, तुम्ही जरा तिकडे खिडकीपाशी बसता?"

"का?"

"उजेड चांगला आहे."

"मापाडी, वीस वर्षांत तुम्ही मला उजेडात बसवलं नाहीत. किती आहे आकडा?"

त्यानं सांगितला. बाईंनी टाइपरायटरसकट स्वतःला खिडकीपाशी नेलं.

मापाडी जिन्यात गेला, तरी सहासष्ट. आवारात, झाडाखाली, फाटकाशी, सगळीकडे जवळपास तोच आकडा. आता त्याच्या मनात नको ती शंका आली. एखादी डबी फुटली असेल, तिची भुकटी हाताला, बुटाला लागली असेल, आणि मीच ती गावभर वाटत फिरतोय. तसं असेल तर पेटी गेलीच, इमारतही बंद होईल. त्यानं कोट काढून पिशवीत बांधला, बूट बदलले, कोपरापर्यंत तीनदा हात धुतले. तहान लागत होती म्हणून तांब्याभर पाणी प्यायला. सातही डब्या चिमट्यानं धरून ओल्या कापसानं पुसल्या. कापूस मोजायला गेला तर खोलीतला आकडाच इतका चढलेला, की कापसाचा कोणता आणि खोलीचा कोणता हे देवालाही सांगता आलं नसतं.

पाच वाजता सहज मीटर पाहिलं. बेचाळीस. त्यानं काहीही केलेलं नव्हतं! वाढलं ते कळलं नव्हतं, आता कमी झालं तेही कळेना. बेचाळीस लिहिले, सही केली.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"दाढ कशी आहे?"

मापाड्याचा घास हातातच राहिला. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या पलीकडच्या बाईंचा फोन होता. लवंगेचं तेल लावा म्हणाल्या. कुठली दाढ?"

"उजवी. खालची."

"ती गेल्या वर्षी काढली. मी बरोबर होते."

"मग... वरची असेल."

"असेल?" बायकोनं आमटी वाढली. "आणि शिशाचे पत्रे आले का?"

"आले."

"बरं झालं." तिचं 'बरं झालं' म्हणजे काय हे तेहतीस वर्षांच्या संसारात त्याला चांगलं कळलेलं होतं.

बुधवारी सकाळी नऊला आकडा आठ. मापाडी स्टुलावर बसला. तपासनीस यायला दोन तास. मॅडम दारातून विचारून गेल्या, "सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "बघतोय." काय बघतोय ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसरं काही सुचेना तेव्हा त्यानं येत होतं ते केलं, म्हणजे मोजमाप. प्रत्येक आकड्यातून खोलीचे नेहमीचे दोन वजा केले. उरले चौसष्ट, चाळीस, सहा. ठरावीक वेळात निम्मं होत जाणारं ज्यावर सरळ रेषेत दिसतं, त्या लॉग आलेखाच्या कागदावर तीन टिंबं मांडून पट्टी लावली. सरळ रेष आली. दर सहा तासांनी निम्मं.

त्याला अर्धायुष्य हा शब्द शाळेच्या पाढ्यासारखा पाठ होता. पदार्थाची किरणं निम्मी व्हायला लागणारा काळ. सातही डब्यांची अर्धायुष्यं त्यानं स्वतःच्या हातानं पेटीच्या दारावर लिहिली होती. थोरलीचं सोळाशे वर्षं. सगळ्यांत उतावळी होती तिलाही अडीच वर्षं लागत. सहा तासांची त्यात एकही नव्हती.

म्हणजे हे आठवं काहीतरी होतं. पेटीत नव्हतं, भिंतीत नव्हतं. तो जाईल तिथे येत होतं.

पाणी भरपूर प्या. लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

मापाड्यानं मीटर हळूच उलटं फिरवलं आणि सदऱ्याच्या खिशाला लावलं. काटा टुणकन वर गेला.

तीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांना किरणांचे धडे देत आला, त्याच्या लेखी किरणं ही डबीत, नंबर घालून, कुलपात असायची वस्तू होती. कोणी त्यांना रंग म्हणून आपल्या शिरेत सोडेल, हे त्याच्या डोक्यात यायचं कसं? त्याला हसू आलं. हसताना छातीत पुन्हा बारीक कळ आली आणि हसू थांबलं.

अकराला तपासनीस आले. किडकिडीत गृहस्थ, आवाज सर्दी झाल्यासारखा. त्यांनी आधी वही मागितली.

"काल सहासष्ट? मग बेचाळीस? हे काय आहे?"

मॅडमनी मापाड्याकडे पाहिलं. दारात पलीकडच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मीटर बिघडलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मग चार पावलं मागे सरायचं, मॅडमना खण उघडून लावू द्यायचे, आकडा दोन येतो, पेटी पास. छातीची भानगड छातीत. वहीची पानं क्रमांकाची, फाडता येत नव्हती, पण शेजारी एक शेरा लिहिता आला असता. गेल्या दोन दिवसांत घरी आणि बाहेर तो खोटं बोलला होता. वहीत तीस वर्षांत एकदाही नाही.

"ते माझं आहे," मापाडी म्हणाला.

"तुमचं म्हणजे?"

"पेटीचं नाही, माझं. काल सकाळी हृदयाची तपासणी झाली. शिरेत जे सोडलं त्याला मी रंग समजलो." त्यानं आलेख पुढे केला. "सहा तासांत निम्मं होतंय. माझ्याकडे असली डबी नाही."

तपासनीसांनी कागद पाहिला, मग स्वतःचं मीटर त्याच्या छातीसमोर धरलं आणि पुन्हा कागद पाहिला.

पलीकडच्या बाईंना राहवलं नाही. "काखेत कळसा ऐकलं होतं. छातीत कळसा आज पाहिला. आणि मी काल दुपारभर उन्हात!"

मॅडम हसल्या नाहीत. "दोनशे विटा तुम्ही उचलल्यात," एवढंच म्हणाल्या.

तपासनीसांनी मापाड्याला आवाराच्या टोकाला, झाडाखाली उभं केलं. तिथून तो ओरडून सांगत होता, "डावीकडून तिसरा! ओढताना धक्का नको, त्यात गादी आहे!" खिडकीतून बाईंचा आवाज येई, "ओढला, पाहिला, लावला!" आणि थोड्या वेळानं, "दोन!" सात खण, चार बाजू, वर आणि खाली. प्रत्येक वेळी दोन. भिंतीपलीकडे बाईंच्या खुर्चीवरही दोन.

तपासनीस बाहेर आले. "पेटी उत्तम आहे," ते म्हणाले. "पेटीवाल्याकडे बघा जरा."

बाईंच्या टेबलावरचा फोन वाजत होता. त्यांनी उचलला, ऐकलं आणि खिडकीतून हाक मारली, "मापाडी, घरून आहे. दाढ सापडली का म्हणतात."

तो आत आला. रिसीव्हर घेतला आणि सगळं सांगितलं. तपासणी, रंग, विटा, कळ.

"अगं, तुला काही होणार नाही त्यानं. शेजारी झोपलीस तरी एवढ्याशानं काही..."

"ते कोण विचारतंय?" बायको म्हणाली. "रात्री तीनदा उठलात. मी म्हटलं, पत्र्यांचं टेन्शन असेल. रिपोर्ट कधी?"

"उद्या."

"मी येतेय."

"काय निघेल कोणास ठाऊक."

"निघेल ते निघेल. सकाळी खोटं बोलून घराबाहेर पडायचं नाही, एवढंच." फोन बंद झाला.

मापाड्यानं रिसीव्हर ठेवला. पलीकडच्या बाई टाइपरायटर पुन्हा भिंतीपाशी ओढत होत्या. तो हात लावायला पुढे झाला.

"खबरदार," बाई म्हणाल्या.