पालखीचा रिटेक

आमच्या गावात देवीची पालखी एकाच दुपारी एकाच घरी दोनदा आल्याचा प्रकार आजवर एकदाच घडला आहे. ते घर आमचं. कारण मी.

गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. आंबेनळीच्या रस्त्याला पहिली वळणं सुरू होतात तिथून आत, डोंगरात. मी तेव्हा महाडला एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर होतो आणि शिमग्याला चार दिवस रजा टाकून घरी जायचो. (अर्जावर कारण लिहायचो 'तब्येत'. आमचे साहेबही कोकणातलेच. शिमग्यात त्यांचीही तब्येत नेमकी बिघडायची.)

शिमग्यात आमची देवी पालखीत बसून घरोघर जाते. पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान चार पिढ्या आमच्या घराकडे. माझ्या वडिलांनी, आबांनी, तो खांदा चाळीस वर्षं दिला. पण त्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. "या शिमग्याला आपल्याच अंगणात मी खांदा काढणार, सुध्या घालणार," असं त्यांनी गुरवकाकांना सांगून टाकलं. सुध्या म्हणजे मी.

खांदा बदलायची आमच्याकडची रीत अशी की पालखी थांबवायची नाही, टेकवायची तर नाहीच. ढोल वाजत असतो, पालखी नाचत असते, बाप हाक मारतो, मुलगा दांड्याखाली शिरतो आणि बाप बाहेर पडतो. त्या वेळी दांड्याखाली ज्याचा खांदा, मान त्याचा. याला अक्कल लागत नाही, फक्त खांदा लागतो. माझ्याकडे दोन्ही आहेत असा घरच्यांचा समज होता.

माझी धाकटी बहीण मंदा बडोद्याला दिलेली. तिला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही बंदी केलेली. शिमगा चुकणार म्हणून ती फोनवर रडली. मग भाऊजींनी कुणाबरोबर तरी एक कॅमेऱ्याचा मोबाईल पाठवला. गावात राहणाऱ्या कुणाकडेच असला फोन नव्हता. सोबत मंदाचा निरोप: "दादा, आबांचा शेवटचा खांदा मला बघायचाय. एक क्षणसुद्धा सोडू नकोस!"

मी हे फारच मनावर घेतलं.

गावात रेंज नव्हती, त्यामुळे फोन बाकी कशाच्याच कामाचा नव्हता. मी तीन दिवस सराव केला. रवंथ करणारी गाय घेतली. तीच गाय दुसऱ्या बाजूनं घेतली. करंज्या लाटणारी माझी बायको रंजना घेतली.

"पदर नीट कर, आणि माझ्याकडे न बघता लाट," मी म्हणालो.

"लाटणं जवळून घेता का?" रंजनानं विचारलं. तिच्या आवाजावरून मी चित्रीकरण तिथंच आवरलं.

फोनलाही पोट असतं आणि ते भरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पालखीचा दिवस उजाडला. आईनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट तयार ठेवलं. दुपारी ढोल जवळ आले आणि गुलालात माखलेली ऐंशी माणसं अंगणात शिरली. त्यांच्यात माझा चुलतभाऊ नथूही होता. नथू कुर्ल्याला रिक्षा चालवायचा आणि शिमग्याला काळा गॉगल लावून यायचा. त्याच्या घरच्यांचं चार पिढ्यांचं दुखणं एकच: "आमचे पणजोबा थोरले! मान खरा आमचा!" दर शिमग्याला हा विषय निघायचा आणि करंज्या आल्या की मिटायचा.

आईनं पालखीच्या मानकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, देवीची ओटी भरली, नारळ दिला. सगळ्यांचा फराळ झाला. मग पालखी पुन्हा उचलली आणि नाचायला लागली. पुढे आबा. मी फोन डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर पालखी काडेपेटीएवढी दिसत होती आणि आबा त्यातल्या काडीएवढे. पण काय दिसत होते म्हणून सांगू! मंदा बघून रडणार, या कल्पनेनं मलाच आधी भरून आलं.

आबांचं तोंड हलत होतं. देवीचा जयजयकार करत असतील असं मला वाटलं. ढोलामुळं मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

एवढ्यात आबांचा गुडघा लचकला. पालखी एका बाजूला कलली. बायका किंचाळल्या. आणि गर्दीतून नथू गॉगलसकट दांड्याखाली शिरला! पालखी सावरली. आबा बाहेर पडले. त्याच क्षणी माझ्या पडद्यावर 'मेमरी फुल' असं आलं आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अरे थांबा! थांबा!"

कोण थांबतंय? नथूच्या खांद्यावरून देवी आमच्या अंगणाबाहेर गेलीसुद्धा.

"मान गेला गो बाय!" आईनं कपाळावर हात मारला.

"गेला कुठं काकी?" बाहेरून नथू ओरडला. पालखी आता आंब्याखाली खांद्यावरच उभी होती. "घरातच हाय. अपनाच घर हाय ना!"

"तुझा घर त्या आळीला हाय! आणि तो काळा चश्मा काढ आधी, देवी हाय खांद्यावर!"

"मी काय मागितला नाय. देवीनंच दिला!"

आता सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. गुरवकाकांनी विचारलं, "सुध्या, आबानं हाक मारली तवा तू कुठं व्हतास?"

"इथंच होतो. पण हाक ऐकूच आली नाही हो! ढोल किती वाजत होता!" मी म्हणालो आणि गुरवकाकांच्या हातातल्या, देवीला दिलेल्या नारळावर हात ठेवला. "देवीशपथ!"

आबा पडवीच्या पायरीवर बसून पंच्यानं तोंड पुसत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांनी त्यांनी खांदा काढला आणि वळून पाहिलं, तर पोरगा तीन हातांवर डबी धरून उभा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आबा, चुकलो. आता काय करू?"

उत्तर गुरवकाकांनी दिलं. "अजून पुढच्या घरी गेली नाय देवी. परत आत आणता येल. पण देवी परत आली म्हंजे पाव्हणी परत आली. पाय धुवा, ओटी भरा, नारळ द्या, माणसांना फराळ द्या. सगळा पयल्यापास्नं!"

"म्हंजे रिटेक!" नथू म्हणाला. हा शब्द आमच्या गावात त्या दिवशी आला आणि मग तिथंच राहिला.

"चालंल," आबा पहिल्यांदा बोलले.

"काय चालंल? घरात काय उरलाय?" आई ओरडली.

तिचं खरं होतं. करंज्यांचा डबा तळाला गेलेला. दूध संपलेलं. नारळ एकच होता, तो देवीला दिलेला. रंजनानं आधी माझ्यापुढे हात पसरला. मी मुकाट्यानं फोन तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तांदळाच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला. मग गुळाचा कोरा चहा चुलीवर चढवला आणि शेजारच्या तीन घरांतून करंज्या मागवल्या. ज्यांनी तासाभरापूर्वी पोटभर खाल्लं होतं ती माणसं पुन्हा पंगतीला बसली. "काय करणार वैनी, देवीचा नियम हाय," असं पडेल चेहऱ्यानं म्हणत प्रत्येकानं चार-चार उचलल्या!

तेवढ्यात शेजारचे तुकातात्या हातात पेटती समई घेऊन आले. "आमच्याकडं पालखी याच शिमग्याला येनार हाय का पुढच्या? न्हाय, तेल घालायचा का इझवायचा, एवढाच इचारतो."

नारळ कुठून आला? नथूनं पालखीखाली दुसऱ्या कुणाचा तरी खांदा लावला आणि स्वतः धावत घरी जाऊन आणला. "घे वैनी. पण ध्यानात ठेवा, हा नारळ आमच्या घराचा हाय. पुढच्या चार पिढ्या ऐकवणार!"

ओटीला खण मात्र कुणाकडून मागता येईना. आई आत गेली आणि ट्रंकेतून हिरवा खण घेऊन आली. तो पाहून रंजना हळूच म्हणाली, "आई, हा मंदाताईंच्या ओटीसाठी ठेवलेला ना?"

"देवीला दिला म्हंजे मंदीलाच दिला गो," आई म्हणाली आणि धुराचं निमित्त करून तिनं डोळे पुसले. धूर खरंच होता, पण एवढा नव्हता.

पालखी पुन्हा आत आली. पुढे आबा, गुडघ्याला पंचा बांधून. मी दांड्यापासून हातभर अंतरावर उभा. या वेळी चूक होणार नाही असं मी ठरवलं होतं, त्यामुळे आबांनी तोंड उघडायच्या आतच मी दांड्याखाली उडी मारली!

"आरं अजून नाय, येड्या! हाक तरी मारू दे!"

सगळं अंगण हसायला लागलं. पण शिरलेला खांदा परत काढता येत नाही. मग आम्ही बापलेक एकाच दांड्याखाली, डोक्याला डोकं आपटत, अंगणाला एक फेरी नाचलो. आबांच्या अंगाला गुलालाचा आणि तंबाखूचा वास येत होता. ते माझ्या कानात म्हणाले, "डावा पाय आधी. देवी वढंल तिकडं जायाचा. आडवायचा नाय." मग त्यांनी गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुध्या, खांदा दे!" आणि ते बाहेर पडले.

सगळा भार एकदम खांद्यावर आला. आबा चाळीस वर्षं काय उचलत होते ते मला तेव्हा कळलं. देवीनं ओढलं ती थेट आईच्या कांद्यांच्या वाफ्यात. "कांदे! माझे कांदे!" आई ओरडत होती आणि हसतही होती. तिथून गोठ्याच्या दारात. दोन्ही बाजूंनी चित्रित झालेली आमची गाय दावं तोडून परसात पळाली. मग पुन्हा अंगणात. मी घामानं डोळ्यांत आलेला गुलाल पुसला आणि समोर पाहिलं.

समोर आबा नाचत होते. दोन्ही हात वर करून, गुडघ्याचा पंचा सुटून पायात घोळत असताना, लहान पोरासारखे. मी जन्मभर आबांना पालखीखाली पाहिलं होतं, पालखीपुढे कधीच नाही. पालखीपुढे नाचायला त्यांचे हात कधी मोकळेच नव्हते! मी रडत होतो की हसत होतो, सांगता येणार नाही. त्या नाचाचं चित्रण कुणाकडेच नाही. पण अजून मी डोळे मिटले की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो, आणि पडद्यात मावत नाही एवढा मोठा दिसतो.

संध्याकाळी रेंज मिळावी म्हणून आम्ही सगळे वरच्या माळावर गेलो. रंजनानं फोन तांदळातून काढून दिला. मंदाला आम्ही आळीपाळीनं सगळं सांगितलं. आईनं कांदे सांगितले, रंजनानं करंज्या सांगितल्या, नथूनं नारळ दोनदा सांगितला. शेवटी आबांनी फोन उलटा धरला, मी तो सुलटा करून दिला, आणि ते एवढंच म्हणाले, "मंदे, मी नाचलो गो!" पलीकडे मंदा हसत होती आणि रडत होती. मग भाऊजींचा आवाज आला, "अहो पुरे आता! तिला एवढं हसायची परवानगी नाही!"

फोन ठेवल्यावर नथू म्हणाला, "दादा, ते पहिलं शूटिंग दाखव ना. मेमरी फुल व्हायच्या आधी काय तरी आला असंल."

आलं होतं. अडतीस सेकंद. अर्ध्या पडद्यावर माझा अंगठा, उरलेल्या अर्ध्यात आबा. चित्र यथातथाच होतं. आवाज मात्र अतिशय स्वच्छ.

"सुध्या, खांदा दे!" आबांचा आवाज.

"हां आबा! जरा उजवीकडं!" हा माझा.

"खांदा दे रे!"

"इकडं बघा आबा! हसा जरा!"

"आरं मेल्या, खांदा दे!"

"मस्त! असंच!"

"सुध्या, पडतोय मी!"

"झकास!"

आईची नजर हळूहळू माझ्या उजव्या हाताकडे वळली. तोच हात, जो मी नारळावर ठेवला होता. आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि मग ते असे हसायला लागले की त्यांना माळावरच बसावं लागलं.

नथूनं ती फीत आपल्या फोनवर घेतली आणि कुर्ल्याला जाताना ती कुणाकुणाच्या फोनवर ब्लूटूथनं पाठवली मला माहीत नाही. पण मी रजा संपवून कारखान्यात गेलो तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खिशातून आपला फोन काढला आणि अगदी काळजीनं विचारलं, "काय सुधाकर, तब्येत कशी आहे? जरा उजवीकडं सरकून सांगा!"

पालखीच्या खांद्याचा मान आमच्या घराकडे आता पाच पिढ्या आहे. तो वाडवडिलांचा. पुराव्यासकट मूर्ख ठरण्याचा पंचक्रोशीतला पहिला मान मात्र मी कुणाच्याही मदतीशिवाय मिळवला आहे, आणि त्यावर नथूच्या घरच्यांनी अजून हक्क सांगितलेला नाही.