दिवाळ्याच्या भरतीचा पेनड्राइव्ह

आमच्या नेरूळच्या सोसायटीत बातमी अशी होती की दुसऱ्या मजल्यावरच्या मनस्वीची नोकरी सुटली आणि आता ती पेनड्राइव्ह घेऊन लोकांचे कॉम्प्युटर बिघडवत फिरते. बातमी कुणी पसरवली ते विचारू नका. खरं एवढंच की नोकरी सुटली नव्हती, उलट बंगळुरूला नवी लागली होती आणि महिनाअखेरीला तिला निघायचं होतं. कॉम्प्युटरही कुणाचा बिघडला नव्हता.

पेनड्राइव्हमध्ये होती भरती-ओहोटी. मनस्वीचं आजोळ खाडीकाठच्या दिवाळे गावातलं, कोळीवाड्यातलं. तिचे पंढरीमामा तिथल्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस सांभाळतात. तिथली माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. मनस्वीने त्याचा प्रोग्रॅम लिहिला. तारीख टाकली की होडी कधी काढायची ते दिसतं. तिच्या लॅपटॉपवर झकास चालायचा, मामांच्या ऑफिसात मात्र उघडायचाच नाही. आधी हे डाउनलोड करा, मग ते करा, मग काळ्या चौकटीत इंग्रजी ओळ टाइप करा, असं ती फोनवरून सांगत बसायची.

शेवटी मामा म्हणाले, "बाय, तू तुजा लॅपटॉपच हितं ठेवून जा."

लागलं ते तिला. ती बंगळुरूला गेल्यावर मामांना हे एकट्याने बसवता आलं नाही, तर एवढी मेहनत लॅपटॉपमध्येच पडून राहणार होती.

त्यात तिची आई गोजरा. नेरूळच्या बाजारात मासळी विकते, जिभेला धार कोयत्याची. म्हणाली, "मी बाजारात बसताना कोयता, फली, पानी, समदा आपलाच नेतंय. गिराइकाला सांगतंय काय, घरना कोयता घेऊन ये?"

मनस्वी दोन-तीन दिवस दार लावून बसली. प्रोग्रॅमला जे जे लागतं ते सगळं तिने एकाच फाइलमध्ये भरलं. दोनदा क्लिक केलं की पुढचं आपोआप. मग पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दारात उभी.

"माझ्याकडेच का गं? एवढा भारी कॉम्प्युटर वाटला?"

"तुमच्याकडे पत्त्यांच्या खेळाशिवाय काहीच नाहीये, काका. म्हणून. इथे चाललं तर मामांकडेही चालेल."

अपमान गिळून मी क्लिक केलं. निळी होडी आली, भरतीची वेळ आली. मी टाळ्या वाजवल्या. ही मात्र डोक्याला हात लावून बसली.

"ही वेळ बाहेरच्या समुद्राची आहे. आपल्या खाडीत पाणी त्याहून उशिरा चढतं. तो फरक मामांना विचारून मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवला होता."

"मग?"

"ती फाइल माझ्या लॅपटॉपवरच राहिली. तिथे ती कायम सापडायची, म्हणून कळलंच नाही."

"म्हणजे कोयता घरीच!" मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठलो.

ती राहिलेली फाइलही आत भरून मनस्वी रविवारी दिवाळ्याला निघाली, तसा मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. ऑफिसात मनस्वी दाराशीच थांबली, हाताची घडी घालून. मामांनी पेनड्राइव्ह लावला, चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटाने क्लिक केलं. पडद्यावर 'पुढे' आलं, त्यांनी 'पुढे' दाबलं. दोनदा भाचीकडे वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर वाळत घातलेले बोंबील बघत राहिली. निळी होडी उमटली. मामांनी आजची तारीख टाकली, वेळ वाचली, उठून जेटीकडे नजर टाकली. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं.

"बराबर हाय," म्हणाले, आणि लगेच उद्याची तारीख टाकायला बसले. आमच्याकडे बघायलाही त्यांना सवड नव्हती.

परतताना मी तिला डिवचलं, "झालं! सगळं तुझ्यावाचून चालायला लागलं. आता बंगळुरूला तुला दिवाळ्याहून एक फोनसुद्धा येणार नाही."

मनस्वी म्हणाली, "येऊच नये, काका. आला तर समजेन, माझंच काहीतरी भरायचं राहिलं."