सांताचा कारखाना अंधारात

आर्डिसबाईंच्या खिडकीत नाताळ कधी संपतच नाही. ईस्टर येतो, जुलैत तळ्यावर मासेमारी सुरू होते, तरी कापसाच्या बर्फावर सांताचं गाव मांडलेलंच. मधोमध खेळण्यांचा कारखाना, शेजारी रेनडिअरांचा तबेला, पलीकडे एल्फांची, म्हणजे सांताच्या बुटक्या मदतनिसांची, बेकरी. सगळी चिनी मातीची घरं, प्रत्येकाच्या पोटात एक बारका दिवा. नवरा गॉर्डन दर नाताळला एक घर आणायचा. त्याला दुसरं काही सुचायचंच नाही, असं बाई म्हणतात. पण तो गेल्यावर त्यांनी एकही नवीन घर घेतलं नाही.

"सांताला सुट्टी नाही का हो?" मी दर उन्हाळ्यात विचारतो.

"त्याची बायको खमकी आहे," बाई म्हणतात.

खमक्या तर त्या आहेतच. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपाचं काम केलं. अजूनही पोट सुटलेल्या बाप्याला चर्चच्या जेवणात "गाजरं संपव" म्हणून दटावतात, आणि तो संपवतो.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात बाई टपालपेटीपाशी बर्फावर घसरून पडल्या आणि कुणाला दिसेपर्यंत तशाच पडून राहिल्या. मिनियापोलिसहून त्यांची मुलगी जोलीन धावत आली. "आई, बस झालं एकटं राहणं. माझ्याकडे चल." बाई हटून बसल्या. शेवटी तह झाला. रोज उठल्यावर बाईंनी कारखान्याचा दिवा लावायचा, आणि समोरच्या घरातून माझी बायको लोइस बघणार. दिवा दिसला नाही तर आम्ही जायचं. एकदा जरी गडबड झाली तर घर विकायचं, असंही जोलीननं बजावलं. एकटा कारखाना भकास दिसतो म्हणून बाईंनी सगळं गावच मांडलेलं ठेवलं आणि रोज सगळ्याच घरांत दिवे लावू लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बेकरी उजळली होती, तबेलाही. कारखाना मात्र काळाठिक्कर.

"झोपल्या असतील," मी म्हणालो.

"झोपेत बेकरी लावली?" लोइस म्हणाली.

आमच्या मिनेसोटात शेजारी मरत असला तरी आधी विचारतात, त्रास तर होणार नाही ना? बेल वाजवून आम्ही पायरीवर कुडकुडत बसलो. अंगणातल्या ताज्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं. मग मात्र लोइसनं आपल्याजवळची किल्ली काढली.

कॉफी गरम होती. कानाचं यंत्र टेबलावर होतं. तळघराचं दार सताड उघडं, आत दिवा. त्या उभ्या जिन्याकडे बघून माझी पाचावर धारण बसली. लोइसनं जोलीनला फोन लावला, मी खाली उतरलो.

बाई उपड्या बादलीवर बसल्या होत्या. भोवती त्या चिनी मातीच्या घरांची खोकी विस्कटलेली. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला.

"काय करताय इथे?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"दिवा गेला. जास्तीचे इथेच कुठेतरी ठेवलेत." त्यांचे डोळे भरले होते. "आता जोलीन मला नेणार."

"तबेल्यातला काढून लावायचा की!"

"आणि रेनडिअर अंधारात?"

एवढ्यात लोइस फोन घेऊन खाली आली. तिनं तो आवाज मोठा करून बाईंपुढे धरला. बाई घाबरून म्हणाल्या, "जोलीन, नुसता दिवा गेला गं. मला काही झालेलं नाही."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग जोलीन म्हणाली, "आई, दिवा लागतो की नाही याची मला काळजी नव्हतीच. तो विझला तर कुणी येईल का, याची होती. आले ना ते? मग राहा तू तुझ्या घरात."

बाईंनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही म्हणाल्या, पण पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

वर आल्यावर त्यांनी तबेल्यातला दिवा काढून कारखान्यात बसवला. त्या दिवशी रेनडिअर अंधारात राहिले, आणि आम्ही तिघं कॉफी प्यायलो.