मावशीच्या नावाचं कर्ज

आमच्या खानावळीचे पैसे आणि घराचे पैसे एकाच डब्यात असायचे. पूर्वी त्यात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ठेवत, म्हणून अजूनही तो नेवऱ्यांचाच डबा. जेवणाचे पैसे त्यात, नवऱ्याच्या रिक्षाचे त्यात, आणि सासूबाईंच्या गोळ्या, मुलीच्या कॉलेजची फी, गॅस, इसवणाचे म्हणजे सुरमईचे पैसे, सगळं त्यातूनच. मे महिन्यात झाकण बसत नसे, तेव्हा आपण श्रीमंत आहोत असं वाटायचं. जुलैत तळ दिसायचा, तेव्हा मी नवऱ्यावर ओरडायची. बिचारा ऐकून घ्यायचा. खरं तर डबा माझ्याच ताब्यात होता.

समुद्राच्या अंगाला आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्या बँकेच्या कर्जावर. दागिने आधीच बँकेत गेले होते. खोल्या झाल्या, तर येणारा प्रत्येक जण आधी विचारी, एसी आहे का? नाही म्हटलं की पुढच्या घरी. वर्षभर हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. बँक आणखी द्यायला तयार नव्हती. मग मला आमचा बायकांचा गट आठवला.

गट एका फायनान्स कंपनीचा. आठ बायका, मी प्रमुख. प्रत्येकीला स्वतःच्या नावावर कर्ज मिळायचं, हप्ते भरायला सगळ्या दर गुरुवारी आमच्या पडवीत जमायच्या. माझ्या नावावरचं मी आधीच घेऊन खर्चलं होतं, त्याचे हप्ते चालू होते. मावशीचंही नाव गटात होतं, पण बाजारामुळे ती गुरुवारी यायची नाही, आणि कर्ज तिने काहीच घेतलं नव्हतं.

मावशी म्हणजे आमची मासळीवाली. नात्याची कुणी नव्हे, पण बारा वर्षं रोज सकाळी लिलावातली मासळी पाटीत घालून ती आमच्याकडे आधी यायची, मग बाजारात जायची. मागच्या दाराने यायची. तसं मीच तिला सांगितलं होतं, पुढे खोल्यांपाशी पाटी नको, पर्यटकांना वास येतो. दुपारी तेच पर्यटक ताटातल्या काट्यांवरही मांस ठेवत नसत, पण सकाळी त्यांना वास यायचा. मावशीला राग आला असेल तर तिने दाखवला नाही.

"मावशे, तुझ्या नावावर कर्ज घेतलंय तर चलात? हप्ते मी भरतलंय. नुसतो अंगठो होयो," मी म्हटलं.

"माका काय कळता त्यातला? तू आसस मां?" ती म्हणाली. अंगठा दिला, शाई लुगड्याला पुसली आणि पाटी उचलून गेली. किती रुपये, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

एका खोलीत एसी लागला. पहिलं वर्ष हप्ते गेले. मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि ऑपरेशन त्याच डब्यातून झालं. तिथून याची टोपी त्याच्या डोक्यावर सुरू झालं. बँकेचा हप्ता चुकला तर खोल्या जातील, म्हणून आधी बँक. किराणावाला दारात उभा राहून बोलतो, म्हणून मग तो. माझा गटातला हप्ता चुकला तर गटातल्या बायकांसमोर लाज जाईल, म्हणून तो. शेवटी उरायचा मावशीचा. तिचाच का? कारण ती विचारणार नव्हती. तेव्हा मी स्वतःला असं सांगत नव्हते, आता सांगते.

हप्ते गोळा करणाऱ्या पोराला मी म्हणायची, म्हातारी बाई आहे, तिच्या घरी नका जाऊ, मी भरते ना. त्याला सोलकढी द्यायची, वर एक तळलेला बांगडा. तो 'पुढच्या वेळी' असं लिहून घ्यायचा आणि जायचा. असे पाच महिने गेले.

एप्रिलमध्ये मावशी मासळी देऊन झाल्यावर दारातच बसली. आदल्या पावसात तिच्या घराचं अर्धं छप्पर उडालं होतं, वर्ष तिने ताडपत्रीवर काढलं होतं. "म्हातारो पावसात खाटीर छत्री धरून बसता," ती हसत सांगायची, आणि मीही हसायची. आता तिने पतपेढीत कर्ज मागितलं होतं. मिरगाआधी वासे आणि कौलं घालायची होती. पतपेढीने तिला एक कागद दिला होता. तो तिने कमरेच्या पिशवीतून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"काय लिवलेला आसा गो? माका वाचूक येना नाय."

मी वाचलं. आपल्या नावावर थकबाकी असल्याने अर्ज नामंजूर. दोन ओळी होत्या, मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या.  मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फोटो जुनो आसा म्हणतत," मी म्हटलं. "नवो देवक होयो."

"फोटोच मां? मगे काय नाय," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी लवकर संपवली, ठेवणीतलं लुगडं नेसली, अबोलीचा वळेसर माळला आणि मालवणात जाऊन फोटो काढून आली. आठ प्रती. पहिली मला दाखवायला आणली. "बरो इलो मां?" मी बरो म्हटलं. 

पुढचे पंधरा दिवस मी माणसात नव्हते. मुंबईच्या भावाला फोन केला, त्याने मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही. सोनाराकडे गेले, त्याने रिकाम्या गळ्याकडे बघूनच मान हलवली. शेजारणीकडे मागायचं म्हणून तिच्या अंगणापर्यंत जाऊन साखर मागून परत आले. मे महिना होता, खोल्या भरलेल्या होत्या, पण येणारा प्रत्येक रुपया आधीच कुणाचा तरी होता. ताटं वाढताना पर्यटक विचारायचे, काकू, एवढं छान कसं करता? मला ते ताट त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटायचं. एकदा विहिरीवर कळशी भरून झाली तरी मी खाली पाण्याकडे बघत उभी राहिले. सासूबाईंनी आतून हाक मारली नसती तर किती वेळ बघत राहिले असते, माहीत नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. मावशीच्या नावाचं कर्ज त्यालाही ठाऊक नव्हतं. तो ओरडला नाही. बाहेर जाऊन अंगणातल्या उभ्या रिक्षात बसून राहिला. मग आत येऊन म्हणाला, "एसी काढ. आणि तिका सांग."

एसी कुडाळच्या एका माणसाने अर्ध्याहून कमी किमतीत नेला. ते पैसे घेऊन मी कंपनीच्या ऑफिसात गेले आणि मावशीच्या नावावरचं थकलेलं सगळं भरलं. भरल्यावर तिथला साहेब शांतपणे म्हणाला, "पैसे जमा झाले, पण नाव लगेच साफ होत नाही. तीन-चार महिने तरी त्यांना कुठे कर्ज मिळणार नाही." मिरगाला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी मागच्या दारात माझे सौंदाळे साफ करून देत होती, तेव्हा सांगितलं. हप्ते, कागद, पतपेढी, तिच्या नावाचे पैसे खोलीत गेले तेही, सगळं. तिचा हात थांबला नाही. मला वाटलं, तिने ऐकलंच नाही.

"म्हणजे फोटो?" तिने विचारलं.

"फोटोचा काय नव्हता."

तिने हातातला मासा साफ करून टोपात टाकला, सुरी धुतली, पाटी उचलली आणि गेली. एक शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिने तेही करू दिलं नाही.

मग ती आलीच नाही. चार दिवसांनी मीच बाजारात गेले. तिच्यासमोर बसले, बांगड्यांचा वाटा उचलला. बारा वर्षं तिने माझा हिशेब तोंडी ठेवला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी पैसे."  मी पैसे दिले आणि मासळी घेऊन आले. 

जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्यटक गेले. दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं. ढग भरून यायला लागले तशी माझी झोप उडाली. ताडपत्री डोळ्यांसमोरून हलत नव्हती. निरोप पाठवावा तर कुठल्या तोंडाने?

एका सकाळी पुढच्या गेटाचा आवाज झाला. मावशी होती. डोक्यावर पाटी, पाटीत मासळी नव्हे, टोप आणि बोचकं. मागून तिचा म्हातारा, हातात छत्री. मी धावत पायरीवर गेले. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"माझ्या नावाची खोली खंयची, ती दाखय."

मी कुलूप काढलं. पाटी पायरीवर उतरवून ती आत आली. पलंग हाताने दाबून बघितला, नळ सोडून बघितला. भिंतीत वर एसीचं भोक होतं, त्यात मी गोणपाट कोंबलं होतं. तिने तिकडे बोट केलं.

"थंय काय होता?"

"एसी. तुझ्या पैशांचो. तो विकून तुझे हप्ते भरलंय."

तिने मान हलवली. म्हाताऱ्याला पलंगावर बसवलं. मग पाटी आत आणून पलंगाशेजारी, माझ्या पांढऱ्या फरशीवर ठेवली. पाटीचा ओला वास खोलीभर झाला. ठेवून ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काय बोलते त्याची वाट बघत.

मी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि मागच्या दाराने घरात गेले.