मशीन मिसिंग मारतंय

हसायचं तर हसा, पण मला हसवू नका; टाके अजून ओले आहेत. फजिती माझीच, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच.

मी कुरुंद्याचा इंजिन मिस्त्री. रस्त्यावरून जाता जाता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. त्याचा मला केवढा तोरा, विचारू नका.

हर्निया झाला. हळदीचा हंगाम तोंडावर, त्याआधी उरकून घ्यावं म्हणून वसमतच्या दवाखान्यात टेबलावर आडवा झालो. भूल देणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बोटाला चिमटा लावला अन् मशीन बोलू लागलं. टिक… टिकटिक… टिक.

आता सांगा, मिस्त्री गप्प बसेल का?

"मॅडम, हे मशीन मिसिंग मारून राहिलं, मधीच ठोका चुकवतंय. माझी पेटी मागवा, दहा मिनिटांत बराबर करतो."

दुसरं कोणी हसलं असतं. मॅडमनी चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. टिक, टिक, टिक. परत माझ्या बोटाला. टिक… टिकटिक.

"काका, कान पक्का आहे तुमचा. मशीनही चांगलंय. मग चुकतंय कोण?"

माझा हात आपसूक छातीवर गेला.

"आधी कधी छातीत धडधड व्हायची?"

"न्हाई तं."

"गिऱ्हाईकानं तुमच्यापासून इंजिनाचा बिघाड लपवला तर?"

"शिव्या घालतो," म्हणालो, अन् सगळं कबूल केलं. वर्षभर अधूनमधून धडधडायचं. तपासणीच्या दिवशी नेमका ठोका सरळ निघाला. ऑपरेशन लांबेल म्हणून मीही बोललो नाही, बायकोलाही बोलू दिलं नाही.

ऑपरेशन लांबलंच. हळदीच्या हंगामाचं काय, म्हणून मी कुरकुरलो.

"काका, ठोका असा भरकटलेला असताना भूल दिली अन् जीवावर बेतलं, तर हळद कोण बघणार?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

हृदयाच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्यानं पुन्हा तेच टेबल. कमरेखाली बधिर, वर मी जागा. मॅडम उशाशी बसून होत्या. एक हात माझ्या नाडीवर, नजर मशीनवर. शेवटचा टाका पडेपर्यंत हलल्या नाहीत. एवढं जीव लावून मी कधी इंजिन ऐकलेलं नाही, खरं सांगतो.

पण बायकोनं ही गोष्ट गावभर केली. काल एकाचा पंप ऐकून मी ऐटीत म्हणालो, "मिसिंग मारतंय."

तो म्हणाला, "मिस्त्री, पंपच ना? का तुमीच?"